उलट्या विमानातला होकार

शांती नगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला दोन बेडरूम होत्या. एकीत हरिश्चंद्र आणि अनसूयाबाई झोपायची, दुसरीत विमानं.

लेक रुचिता लग्न होऊन पुण्याला गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. तिची चादर धुऊन वाळायच्या आत हरिभाऊंनी तिच्या पलंगावर एक पिवळं विमान आडवं टाकलं. दोन मीटर लांबीचे पंख, पोटात बॅटरी आणि शेपटीवर स्वतःच्या हाताने रंगवलेलं हरिभाऊंचं नाव. त्या एकाची पुढे पाच झाली. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं केबली जोडून निवृत्त झालेला हा माणूस आता दिवसभर त्या खोलीत बसून विमानांना तारा जोडत असे. जेवायला हाक मारली की 'आलो' म्हणत असे आणि येत नसे. अनसूयाबाईंनी अठ्ठावीस वर्षं भाईंदरच्या शाळेत मुलांची कवायत घेतली होती. त्यांच्या एका 'विश्राम'वर सहाशे मुलं पाय फाकवत असत. घरात मात्र एक माणूस ऐकत नव्हता, ही त्यांची जुनी सल होती.

आता सलीचं भांडण झालं, ते अनसूयाबाईंच्या आईवरून. गोदूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या, जवळच्याच मुर्धा गावात धाकट्या मुलाकडे, विठूकडे राहायच्या. त्यांची खाट वरच्या माळ्यावर आणि वर जायला लोखंडी जिना. डिसेंबरात त्या जिन्यावरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला; तेव्हापासून त्या खाली जिन्याजवळच झोपत. शांती नगरच्या इमारतीला लिफ्ट होती आणि विमानांच्या खोलीला लागून संडास होता. इतकं सरळ होतं सगळं.

"हॉलमध्ये दिवाण आहे की," हरिभाऊ म्हणाले.

"हॉलमध्ये दिवाण आहे. संडास नाही."

"स्पर्धा होऊ दे. मग बघू."

हे 'मग बघू' अनसूयाबाईंनी चौतीस वर्षं ऐकलं होतं. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचंही मग बघूच चाललं होतं. त्यांनी भाजीचं पातेलं हरिभाऊंच्या ताटापासून दूर सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं. शेवटी हरिभाऊंनीच पैज लावली. रेडिओवर चालणाऱ्या विमानांच्या कसरतींची स्पर्धा फेब्रुवारीत होती, बारा स्पर्धक होते. पहिल्या तिघांत आलो तर खोली विमानांची, नाही आलो तर तुझ्या आईची.

अनसूयाबाईंनी पातेलं लगेच पुढे केलं. मागच्या वर्षी हरिभाऊ अकरावे आले होते आणि त्यामागची गोष्ट अख्ख्या इमारतीला पाठ होती.

ती गोष्ट अशी. या स्पर्धेत विमान उडवणाऱ्याला क्षणभरही मान खाली घालता येत नाही. हातात रिमोट, डोळे आकाशात. मग पुढची कसरत कोणती हे त्याला सांगायला मागे एक माणूस कागद घेऊन उभा राहतो. त्याला कॉलर म्हणतात. लूप, रोल, गिरकी अशा दहा कसरती कागदावर ओळीने काढलेल्या असतात, पंच प्रत्येकीला दहापैकी गुण देतात आणि एखादी चुकली की त्या कसरतीला शून्य. हरिभाऊंचा कॉलर होता जितेंद्र, टेलिफोन खात्यातला जुना सहकारी. मागच्या वर्षी सहाव्या कसरतीनंतर नेमकी जितेंद्रला शिंक आली. एक नाही, सलग पाच. हुकूम येईना म्हणून हरिभाऊ विमान सरळच नेत राहिले आणि ते खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत जाऊन बसलं. "हवेत विमान गेलं की मला स्वतःचं नावही आठवत नाही," हरिभाऊ नंतर म्हणाले होते. चिखलात उतरून विमान काढून देणाऱ्या दगडू पाटलाने त्यांना नाव विचारलं होतं, तेव्हा खरंच दोन क्षण आठवलं नव्हतं.

तर अशा माणसाशी पैज. अनसूयाबाईंनी त्याच संध्याकाळी आईला फोन केला.

"मार्चच्या पयल्या तारखेला ये गो आई."

"तुजा नवरा हां बोल्ला?" गोदूबाईंनी विचारलं.

"बोलंल."

"मंजे बोल्ला न्हाय."

"आई, तू पिशवी भर."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता कसरतींचा कागद सगळ्यांच्या मोबाइलवर आला. प्रथा अशी की हा कागद आधी कोणालाच दाखवत नाहीत आणि तो मिळाल्यावर खरं विमान उडवून सराव करायलाही बंदी. मग ही मोठी माणसं काय करतात, तर काडीवर वीतभर विमान लावून ते हातात धरून चालत फिरतात. हरिभाऊ थर्माकोलचं विमान घेऊन खाली पार्किंगमध्ये उतरले. दोन चारचाकींच्या मधून चालत जायचे, हात वर न्यायचा, मनगट फिरवायचं, गुडघ्यात वाकायचं, परत फिरायचं. तोंडाने 'घूंऽऽ' चाललेलं. देवळात निघालेल्या बायका थांबून बघत होत्या. वॉचमनने तर सातला ड्यूटी संपल्यावरही खुर्ची सोडली नाही. अनसूयाबाईंनी गॅलरीतून हे सगळं पाहिलं आणि पडद्यांचं माप घ्यायला मागच्या खोलीत गेल्या.

सकाळी त्याही मैदानावर गेल्या. उपमा आणि चहाचा थर्मास त्यांनी बरोबर घेतला होता, पण खरं कारण वेगळं होतं. नवऱ्याचा पराभव त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

मैदान म्हणजे मुर्ध्याच्या मागची, जुने वाफे मोडून सपाट झालेली मिठागराची जमीन. एका बाजूला तिवरं, दुसरीकडे दूर इमारतींची रांग. लाल झेंडे रोवून हवेतल्या चौकटीची दोन टोकं दाखवली होती. त्यांच्याबाहेर कसरत केली की गुण गेले. तीन पंच छत्रीखाली खुर्च्या टाकून बसले होते आणि त्यांची प्रमुख होती पूर्वी शहा, जेमतेम तिशीची, गळ्यात शिट्टी अडकवलेली. स्पर्धकांपैकी परेशभाईंचं विमान परदेशातून खोक्यात आलेलं होतं. त्यांनी ते अशा बेताने उघडलं की सगळ्यांना खोकं दिसावं.

आणि जितेंद्र आला. हरिभाऊंसमोर उभा राहिला, तोंड उघडलं, आणि आतून काहीच निघालं नाही.

"काय झालं?"

जितेंद्रने गळ्याला हात लावला. मग हवेत बॅट फिरवून दाखवली, मग मुठीचा माइक करून तोंडाशी धरला. आदल्या रात्री भाईंदर पूर्वेला त्याच्या सोसायटीची क्रिकेटची फायनल होती आणि कॉमेंट्री त्याने केली होती. सुपर ओव्हरपर्यंत गेलेला सामना, त्यात त्याचा घसा गेला. हरिभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. हातवारे करणारा कॉलर आकाशाकडे बघणाऱ्या माणसाच्या काय कामाचा?

जितेंद्रने इकडेतिकडे पाहिलं आणि सावकाश बोट उचललं. ते बोट उपमा वाढणाऱ्या अनसूयाबाईंवर थांबलं.

"तिला?" हरिभाऊ म्हणाले. "अरे, मी हरलो तर खोली तिला मिळणार आहे."

जितेंद्रने खांदे उडवले. आवाज तर बघ, असं त्या खांद्यांचं म्हणणं होतं.

हरिभाऊ दोनदा मैदानभर बघून आले. प्रत्येक कॉलर कुणाचा ना कुणाचा होता. मग ते बायकोसमोर येऊन उभे राहिले, चप्पल जमिनीवर घासत. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला आले होते तेव्हाही असेच उभे होते.

"अनसूया, जरा कागद वाचून दाखवशील?"

"कोणता कागद?" अनसूयाबाईंनी मुद्दाम विचारलं.

त्यांनी अर्धा तास त्या रेषा आणि बाण समजून घेतले. शिक्षिकाच ती, पटकन कळलं. लूपला त्या पुरी म्हणाल्या आणि हरिभाऊंनी कपाळाला हात लावला. हे नाव पंचांसमोर घ्यायचं नाही असं त्यांनी बजावलं. अनसूयाबाईंनी मान डोलावली. आतल्या आत त्यांना उकळ्या फुटत होत्या. सहावी चुकीची सांगायची, की तिसरी? डावीकडे म्हणायचं तिथे उजवीकडे म्हटलं की काम झालं. कोण म्हणणार मुद्दाम केलं? पहिल्यांदाच कागद हातात घेतलेली बाई, चुकणारच.

नववा नंबर हरिभाऊंचा होता. अनसूयाबाई त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या, पदर खोचला, कागद डोळ्यांसमोर धरला. पिवळं विमान धावलं, उचललं गेलं, वळून समोर आलं.

"पहिली. सरळ या. मधोमध आलात की पुरी. वर."

विमान वर गेलं, उलटं झालं, गोल पूर्ण करून नेमकं त्याच उंचीवर परत आलं.

"दुसरी. चार टप्प्यांचा रोल. एक. दोन. तीन. चार. सरळ."

एक म्हटलं की विमान कुशीवर. दोन म्हटलं की पाठीवर. अनसूयाबाईंच्या अंगावर काटा आला. चौतीस वर्षं 'डबा आणा', 'टॉवेल वाळत घाला', 'अहो, ऐकताय का' म्हणण्यात गेली होती. आणि आता त्यांच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, हा माणूस तो पाळत होता. वळून बघत नव्हता, 'मग बघू' म्हणत नव्हता. हरिभाऊंची मान वर, मानेवर घामाचे थेंब, आणि कान पूर्ण त्यांच्या स्वाधीन.

तिसरी आली. इथे चुकवायचं ठरलं होतं. अनसूयाबाईंनी श्वास घेतला आणि बरोबर तेच सांगितलं जे कागदावर होतं. त्यांना स्वतःचाच राग आला. पण इतक्या विश्वासाने कान दिलेल्या माणसाला खोटं कसं सांगायचं? वर्गातल्या सगळ्यात वात्रट मुलालाही त्यांनी कधी चुकीचं उत्तर शिकवलं नव्हतं. चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या ठणठणीत झाल्या. मागे पंचांच्या पेनांचा आवाज येत होता. जितेंद्र एका हातात मोबाइल धरून शूटिंग करत होता. दुसऱ्या हातात त्याची स्वतःची कागदाची प्रत होती आणि तो सवयीने खुणा करत चालला होता.

हे असंच चाललं तर माणूस पहिल्या तिघांत येणार, आणि आई विठूच्या घरात जिन्याखाली झोपणार. अनसूयाबाईंना ते चित्र सहन होईना. फसवणूक त्यांच्या स्वभावात नव्हती. पण अडवणूक होती. आणि सातवी कसरत अशी होती की तिच्या शेवटी विमान उलटं राहायचं, चाकं आकाशाकडे करून समोरून सरळ जायचं, आठवी सुरू होईपर्यंत.

"सातवी छान झाली," त्या म्हणाल्या. "आता उलटंच ठेवा. सरळ."

"हं. पुढची?"

"सांगते. आई एक तारखेला येतेय."

विमान जरासं डुललं आणि सावरलं.

"काय?"

"मागच्या खोलीत येतेय. हो म्हणा."

"अनसूया, चौकट संपतेय."

"मला दिसतोय झेंडा. हो म्हणा, मग आठवी सांगते."

मागे एका पंचाचं पेन थांबलं. पूर्वीने मान वर केली. पिवळं विमान पाठीवर झोपून लाल झेंड्याकडे निघालं होतं. झेंड्यापलीकडे तिवरं होती आणि तिवरांच्या कडेला दगडू पाटील पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तयारच उभा होता.

"हो," हरिभाऊ पुटपुटले.

"मोठ्याने."

"हो. दिली. खोली आईंना दिली," हरिभाऊ अख्ख्या मिठागराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

अनसूयाबाईंना इतका आनंद झाला की डोळे भरून आले आणि कागदावरच्या रेषा पुसट झाल्या. खिडकीशी आईची खाट, उशाशी तिचा पितळी डबा, संडास पाच पावलांवर. पदराने डोळे पुसून वर पाहिलं तर विमान सरळ आकाशात चढत होतं. टोकाशी क्षणभर थांबलं, कुशीवर कलून खाली वळलं, उतरताना अर्धं फिरलं आणि सुलटं होऊन रेषेत आलं. त्यांनी घाईघाईने नववी सांगितली, मग दहावी. विमान उतरलं तेव्हा टाळ्या पडल्या, त्यातल्या काही विमानासाठी होत्या.

परेशभाईंनी लगेच तक्रार केली. "ये क्या है पूर्वीबेन, फ्लाइट के बीच में फॅमिली मॅटर?"

पूर्वीने नियमांचं पुस्तक चाळलं. तिला हसू आवरत नव्हतं. "कॉलरने काय बोलायचं ते इथे लिहिलेलंच नाहीये, परेशभाई. आंटी सुचवू शकतात, विचारू शकतात, सगळं चालतं." मग ती हरिभाऊंकडे वळली. "पण अंकल, आम्ही तिघांनी ऐकलंय हं. रूम द्यावी लागेल."

निकाल लागला. परेशभाई पहिले, हरिभाऊ दुसरे. आठव्या कसरतीला तर त्यांना दिवसातले सर्वांत जास्त गुण मिळाले होते.

"पैजेप्रमाणे खोली विमानांचीच राहते," हरिभाऊंनी बक्षिसाची ढाल हातात घेऊन एकदा म्हणून पाहिलं. तीन पंचांनी एकदम नकारार्थी मान हलवली. जितेंद्रनेही हलवली. दगडू पाटील म्हणाला, "तुमी हां बोल्लाव, मी थयशी तिवरांत उबा होतू. मना पन ऐकू आला." हरिभाऊंनी ढाल पिशवीत घातली.

सामान आवरताना जितेंद्र अनसूयाबाईंजवळ आला. आपला खुणा केलेला कागद त्याने त्यांच्यापुढे धरला. एक ते सात, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. नऊ आणि दहापुढेही. आठपुढची जागा कोरी.

"ही राहिली वाटतं तुमच्याकडून," अनसूयाबाई म्हणाल्या.

जितेंद्रने मान हलवली आणि घशातून जेमतेम आवाज काढला. "वहिनी, तुमच्याकडून. तुम्ही आठवी बोललाच नाहीत."

"काहीतरीच."

त्याने मोबाइल पुढे केला. अनसूयाबाईंनी तो कानाशी धरून ऐकला. हो, दिली, खोली आईंना दिली. त्यानंतर वाऱ्याचा आवाज, मोटरचा आवाज, एका बाईने नाक ओढल्याचा आवाज. मग एकदम, 'नववी'. त्यांनी दुसऱ्यांदा लावलं. दुसऱ्यांदाही आठवी कुठेच नव्हती.

घरी जायला त्या रिक्षात बसल्या. मांडीवर विमानाची शेपटी होती आणि डोक्यात हिशेब चालला होता. हुकूम न मिळता त्याने आठवी केली, म्हणजे आठवी त्याला पाठ होती. आठवी पाठ, म्हणजे सगळ्याच पाठ असणार. काल पार्किंगमध्ये तीन तास काय उगाच फिरला? मागच्या वर्षीची शिंक त्याच्या जिवाला लागली होती. म्हणजे मग त्या उलट्या विमानात याला कशाचीच अडचण नव्हती. 'नाही' म्हणून पुढे जाता आलं असतं, नंबर आला असता आणि खोलीही राहिली असती.

संध्याकाळी पाच वाजता हरिभाऊ मागच्या खोलीत स्टुलावर चढून छताला टांगलेलं विमान सोडवत होते. पलंग रिकामा झाला होता. दोन विमानं गॅलरीत गेली होती, एक कपाटावर. कोणी सांगितलं नव्हतं, आठवणही करून दिली नव्हती. अनसूयाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांना थोडी लाज वाटत होती आणि फार बरं वाटत होतं. पण यातलं काही त्या बोलून दाखवणार नव्हत्या.

"अहो, तुम्ही 'हो' का म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर तू आठवी सांगितली नसतीस."

"मी तशीही सांगितली नाही."

हरिभाऊंचा स्क्रू फिरवणारा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. छताकडेच बघत, अगदी सकाळच्यासारखी मान वर करून, ते म्हणाले, "मला तर ऐकू आली."

पंख सुटला, तेव्हा अनसूयाबाईंनी पुढे होऊन त्याचं दुसरं टोक धरलं.